आधी कापायचं कुठे

डिस्कवरूनच डिस्कवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची वेळ जुन्या मशीनवर हमखास येते. डीव्हीडी ड्राइव्ह मेलेला असतो, बायॉस यूएसबीवरून बूट व्हायला तयार नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून अशी मशीन्स माझ्याकडे जास्त येतात. लिनक्स टाकलं की त्यांना आणखी काही वर्षं मिळतात, आणि ती मिळायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

काम वरवर सरळ आहे. आयएसओ फाइल हार्ड डिस्कवर ठेवायची आणि बूटलोडरला कर्नल कुठे आहे ते सांगायचं. डेबियनने तर यासाठी वेगळं कर्नल आणि वेगळं इनिटआरडी दिलेलं आहे. ते सुरू झालं की डिस्क धुंडाळून आयएसओ आपणहून शोधतं. अडचण त्यानंतरची. आयएसओ ज्या पार्टिशनवर आहे ते इन्स्टॉलर चालू असेपर्यंत वापरात राहतं. ते पुसता येत नाही, लहानमोठं करता येत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची सोय नाही. त्यामुळे ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय इथे बाद, आणि महत्त्वाची कापाकापी जुन्या सिस्टिममध्ये असतानाच उरकावी लागते.

मी आयएसओला डिस्कच्या अगदी शेवटी १० जीबीचं वेगळं पार्टिशन देतो. पार्टिशनची शेवटाकडची कड मागेपुढे करणं सोपं असतं. सुरुवातीची कड हलवायची तर आतला डेटा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. त्यात तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर डेटाही जातो. आयएसओ शेवटी असली की तिच्या आधीची सगळी जागा सलग राहते. या पार्टिशनला फॅट३२ देऊ नये, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि उबुंटूची डेस्कटॉप आयएसओ आता त्याहून मोठी झाली आहे.

जुन्या मशीनचा खरा पेच एमबीआरचा. त्याच्या तक्त्यात प्रायमरी पार्टिशनं चारच मावतात. विंडोज ७ आपलं १०० एमबीचं राखीव पार्टिशन करतं, मग सी, मग डी, आणि कंपनीने दिलेलं रिकव्हरी: झाली चार. डिस्कवर शेकडो जीबी मोकळी असोत, पाचवं करता येत नाही. अशा वेळी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट डिस्क ‘डायनॅमिक’ करायची परवानगी मागतं. तिथे नाहीच म्हणावं. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स टाकणं फार त्रासाचं होतं. डी मधला डेटा बाहेर काढून त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करावं आणि त्याच्या पोटात हवी तेवढी लॉजिकल घ्यावीत. जीपीटीच्या तक्त्यात सहसा १२८ नोंदींची जागा असते, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मशीन देताना बहुतेक जण सांगतात, “दादा, सी उडवा, डी ला हात लावू नका.” या वाक्यावर विसंबून कधी काम सुरू करू नये. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोनमधून उतरवलेले फोटो, सगळं सी मध्येच साठत असतं. डी मध्ये बहुधा जुने सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे सेटअप निघतात. मी आधी सी उघडून माणसाला समोर बसवतो आणि प्रत्येक फोल्डर दाखवतो. पार्टिशन करणं म्हणजे काय पुन्हा मिळेल आणि काय मिळणार नाही हे ठरवणं, असं मी मानतो. सिस्टिम पुन्हा उतरवता येते. दुकानाचा हिशेब, मुलीचं प्रोजेक्ट कुठूनही उतरवता येत नाही. म्हणून घरच्या मशीनवरही मी रूटला ४० जीबी देऊन होम वेगळं ठेवतो. एकाच पार्टिशनमध्ये जागेचा लवचीकपणा जास्त मिळतो, हे खरं आहे. पण पुढे कुणीही सिस्टिम नव्याने टाकली, तर होम फॉरमॅट न करता तसंच जोडता येतं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन मी आता करत नाही, फाइल पुरते. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ घेतो, कारण ती पुढे लहानही करता येते. एक्सएफएस वाढवता येते, आक्रसवणं व्यवहारात जमत नाही.

आयएसओचं पार्टिशन नंतर पुसत नाही. ग्रबमध्ये त्याची नोंद ठेवतो, म्हणजे सिस्टिम बिघडली तर तिथूनच बूट करून दुरुस्ती होते. डिस्कच मेली तर मात्र तेही सोबत जातं, म्हणून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप झाल्याशिवाय मी पहिलं पार्टिशन कापत नाही, मशीनवाल्याला कितीही घाई असो.