गुलाबी भुताचा हिशेब

प्रिय मेघना,

प्रोग्रामिंग शिकल्यापासून गेममधली गंमतच गेली, असं तू लिहिलंस आणि मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. माझं नेमकं उलटं झालंय गं!

पॅक-मॅनच घे. १९८० सालचा, तोरू इवातानीचा. लहानपणी वाटायचं, चारही भुतं संगनमत करून आपल्याला कोंडीत पकडतात. कट वगैरे काही नाही. पॅक-मॅन ज्या घरात असेल, लाल भूत तिकडेच निघतं. गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोरचं चौथं घर धरतं, म्हणून ते आडवं येतं. निळं भूत पॅक-मॅनसोबत लाल भूत कुठे आहे तेही बघतं. नारिंगी लांबून अंगावर येतं आणि आठ घरांच्या आत आलं की स्वतःच्या कोपऱ्याकडे पळतं. बस्स, एवढंच! पाठलाग करताना नशिबाचा भाग अजिबात नाही. इतक्या थोड्या नियमांत चार स्वभाव उभे केलेत, हे कळल्यावर मी तो गेम पहिल्यांदाच नीट पाहिला असं वाटलं.

त्यातही पॅक-मॅनचं तोंड वर असलं की गुलाबी भुताचा हिशेब चुकतो. चार घरं वर मोजायची, तर ते चार वर आणि शिवाय चार डावीकडेही मोजतं. दोन आकड्यांची बेरीज एकदम केलीय, त्यात हातचा शेजारच्या आकड्यात गेलाय. असं काही दिसलं की तो कोड लिहिणारा माणूस मला शेजारी बसल्यासारखा वाटतो.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये (१९७८) शत्रू कमी होतात तसा त्यांचा वेग वाढतो ना? चित्रं कमी उरली की मशीनला ती भराभर काढता यायची, म्हणून. तोमोहिरो निशिकादोने ते तसंच ठेवलं आणि खेळाला धार आली. मारिओतले ढग आणि झुडपं तर एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. १९८५चा तो अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता! नव्या गेममधलं चकचकीत पाणी बघून मी आता थबकत नाही; हातात इतकं कमी असताना कुणी काय केलं, ते शोधत बसते.

तू एक कर. पॅक-मॅन लाव. गुलाबी भूत समोरून अगदी जवळ आलं की पळू नकोस, त्याच्याकडेच तोंड कर. चौथं घर आता त्याच्या पाठीमागे पडतं, त्यामुळे मध्ये वळण असेल तर ते बहुतेक वेळा तिकडे वळतं. जमलं की लगेच कळव.

तुझी,
सई