गॅलरींतला कावळा

पितृपक्षांत ज्याची मनधरणी करावयाची त्यालाच एरवीं हुसकावून लावावयाचें, हा आपला कावळ्याशीं व्यवहार फारसा सभ्य नाहीं. आमची आई मात्र त्याला बारमास पोळी घाली. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरींत राखी मानेचा एक घरकावळा तिच्या हातून घांस उचली. (सर्वांगानें काळा असा डोमकावळा आमच्याकडे क्वचितच फिरके.) आई गेल्यावर पोळी मी ठेवूं लागलों, पण मी दाराआड झाल्याखेरीज तो तुकड्याला शिवेना! कावळे माणसाचा चेहरा लक्षांत ठेवतात, हें सिअ‍ॅटलच्या संशोधकांनीं २००६ सालीं सुरू केलेल्या मुखवट्यांच्या प्रयोगांनीं दाखविलें आहे. तिथली जात निराळी, पण स्वभाव तोच असावा. आतां चार महिने झाले. तो कठड्यावर बसतो, मान वांकडी करून माझ्यामागें स्वयंपाकघराकडे पाहतो. मीहि वळून पाहतों.