अब्बांच्या डोळ्यातलं तेल

'डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणे' हा वाक्प्रचार मी दरवर्षी वर्गात शिकवते. अर्थ सांगते, अतिशय जागरूक राहणे. अब्बांच्या डोळ्यात तर डॉक्टरांनी खरोखरच तेल घातलं होतं. जागरूक राहायचं काम आमचं होतं, तेच राहून गेलं.

मधुमेहामुळे अब्बांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. अंबडहून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. पडदा जागेवर दाबून धरण्यासाठी ऑपरेशनमध्ये आत सिलिकॉनचं तेल भरलं. हे तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून काही दिवस चेहरा खाली ठेवायचा असतो. अब्बा म्हणाले, "बेटा, ये तो दिनभर का सजदा हो गया." आम्ही हसलो. थोडी नजर परत आली, ते एकटे मशिदीत जाऊ लागले आणि आम्ही निश्चिंत झालो.

पण हे तेल बहुतेकदा कायमचं नसतं. पडदा चिकटला की साधारण तीन ते सहा महिन्यांत काढतात. काही डोळ्यांत डॉक्टर मुद्दाम जास्त काळ ठेवतात, तेव्हाही तपासणी चालूच लागते. फार दिवस राहिलं तर तेल फुटून त्याचे बारीक थेंब होतात. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं तिथं ते अडकतात आणि डोळ्याचा दाब वाढतो.

अब्बा म्हणायचे, डोळा जड वाटतो. आम्ही म्हणायचो, शुगर वाढली असेल. सव्वा वर्षानं दाखवलं तेव्हा दाब 42 निघाला. साधारण 10 ते 21 असावा लागतो. तेल काढलं, औषधाचे थेंब सुरू झाले, पण दाबानं सुकलेली नस पुन्हा जिवंत होत नाही.

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत तीनच अक्षरं होती : एस.ओ.आय. खाली पुढची तारीख. 'आत तेल आहे, ते काढायला परत या', असं आम्हाला समजेल अशा भाषेत त्यावर कुठंच नव्हतं. पण मीही विचारलं नाही. दोन भाषा शिकवणाऱ्या मी तो कागद फाईलला लावून टाकला.

म्हणून सांगते. पडद्याचं ऑपरेशन झालं की निघण्याआधी विचारा : आत वायू भरलाय की तेल? वायू आपोआप विरतो, तेल काढावं लागतं. मग कधी काढायचं?

अब्बांच्या उजव्या डोळ्याच्या तपासणीची तारीख आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. मुलांसाठी मराठीत आणि अब्बांसाठी उर्दूत, मोठ्या अक्षरांत.