चार ओरखडे

टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन सीझ झालं की पहिला प्रश्न ठरलेला: ऑईल टाकलं होतं का? येझदीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, त्यामुळं प्रश्न रास्तच. पण मांजरसुंब्याच्या घाटात आमची येझदी मागचं चाक फरपटत थांबली, तेव्हा घरात सगळ्यांची नजर पप्पांकडं गेली. मिश्रण त्यांनीच केलं होतं. आणि वर्षभरापासून पप्पा चाव्या विसरतात, औषधं विसरतात. गाडीला त्यांना हात लावू द्यायचा नाही, असं आई आणि चुलते बोलू लागले.

म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून जावा बनायची, पुढं तिथंच येझदी आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. आमची 1984ची. नुकतंच रिबोअर करून, नवा पिस्टन टाकून इंजिन बांधलं होतं. 200 किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

मी सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी लॉग बघतो. या इंजिनात लॉग पिस्टनवर लिहिलेला असतो. बीडमधल्या मिस्त्रींनी ब्लॉक उतरवला आणि पिस्टन उन्हात धरला.

ऑईल नसतं तर पिस्टन चहूबाजूंनी खरवडला असता आणि खाली कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं, निळसर पडलं असतं. तिथं बोट लावलं तर तेलकट. क्रँकच्या सीलमधून हवा ओढली गेली असती तर प्लग पांढरट दिसला असता आणि मार मुख्यतः एक्झॉस्टच्या बाजूला असता. प्लग तपकिरी होता. पिस्टनवर मात्र चार उभे ओरखडे होते, पिनच्या दोन्ही टोकांच्या आजूबाजूला, जणू चार कोपरे.

पिस्टन ॲल्युमिनिअमचा, सिलिंडर बिडाचं. (आमच्या जिल्ह्याच्या नावाचा धातू; त्यावरचे विनोद मी पुण्यात पुरेसे ऐकलेत.) ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिनपाशी धातू जास्त, म्हणून फुगवटाही तिथंच जास्त. मधली फट कमी ठेवली असेल तर घाटात पिस्टन त्या चार जागी धरतो. मिस्त्रींनी सिलिंडर साफ केलं, ओरखडे नसलेल्या जागी फिलर गेज घातला. हवी ती पट्टी जाईना. बोअरच तंग मारला होता.

"ऑईल बरोबर होतं, काका," मिस्त्री म्हणाले.

त्यानं पप्पांच्या विसरण्याचा प्रश्न सुटला नाही. डॉक्टरांची तारीख घेतलेली आहेच. पिस्टननं फक्त त्या सकाळची साक्ष दिली: लिटरला 40 मिली, मोजून. आईला मी तिथूनच फोन लावला आणि चार ओरखड्यांचा फोटो चुलत्यांना पाठवला.

पप्पा पिस्टन बोटांनी चाचपत होते.

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता पुढच्या साईजचा पिस्टन कुठं मिळतोय ते बघा. आणि बोअर दुसरीकडून मारा."