कर्जत लोकल, खारी आणि बारा हजार रुपये

बदलापूर मागे पडलं की मुंबई एकदाची सुटते. वांगणी, शेलू, नेरळ... उजव्या खिडकीतून माथेरानचा डोंगर सोबत चालायला लागतो, खाली भाताची हिरवीगार खाचरं, आणि डब्यात अचानक बसायला जागा! एरवी या गाडीत आपण सॅक, शूज आणि मोठ्ठा आवाज घेऊन चढतो. ऑगस्टच्या त्या शनिवारीही भिवपुरीच्या धबधब्याला निघालेला एक ग्रुप अंताक्षरी खेळत होता. माझ्या सॅकमध्ये मात्र रेनकोटऐवजी प्लास्टिकचं एक फोल्डर होतं. आत डॉक्टरांची बिलं, मोबाईलवरच्या चॅटचे प्रिंटआऊट आणि एक गुलाबी लसीकरण-पुस्तिका.

पुस्तिका खारीची. खारी म्हणजे आमचं बीगल. खारी बिस्किटाच्या रंगाची, म्हणून खारी. बरोबर एक आठवड्यापूर्वी, शनिवारी संध्याकाळी, कल्याण स्टेशनबाहेर रिक्षा स्टॅण्डजवळ एका मुलाने ती मला बुटाच्या खोक्यातून काढून दिली होती. बारा हजार, मोबाईलवरून ट्रान्स्फर. पावती? विचारली नाही. आई कुठेय, बघू का? तेही विचारलं नाही. पंचवीस हजारांचं पिल्लू बारात मिळतंय म्हटल्यावर मास कॉमवाल्या मुलीचे सगळे प्रश्न संपले होते, हे आधीच कबूल करते.

रविवारी रात्री उलट्या. सोमवारी सकाळी रक्ताचे जुलाब. मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांनी शी तपासली आणि म्हणाले, पार्व्हो. या विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन लावायचं, उलट्या थांबवायच्या आणि पिल्लाने झुंज द्यायची. त्यांनी खारीचे दात बघितले. ‘४५ दिवसांचं’ पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. पुस्तिकेत लशीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवतात, तिथे नुसतंच पेनाने ‘डन’. डॉक्टरांची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “पाणी बदललं की होतं असं, मॅडम. दहीभात द्या.” मंगळवारी त्याने मला ब्लॉक केलं. गुरुवारी पहाटे खारी गेली. बिल झालं नऊ हजार चारशे.

पण डॉक्टरांनी एक फार कामाची गोष्ट सांगितली. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. आमच्याकडे येऊन तिला दोन दिवसही झाले नव्हते. म्हणजे आजार तिथूनच आला. हे मी त्यांच्याकडून लेटरहेडवर, तारखेसकट लिहून घेतलं. (तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर रडण्याआधी हे करा. नंतर रडायला वेळ असतो.)

पुस्तिकेच्या मागे फार्मचा शिक्का होता, खाली ‘भिवपुरी रोड’. स्टेशनातून टमटम. “धबधब्याला ना, ताई?” ड्रायव्हरने गृहीतच धरलं. फार्मचं नाव सांगितल्यावर तो आरशातून बघत म्हणाला, “कुत्रेवाल्यांकडे व्हय... लई लोक येतात परत.” मी आणि रूममेट एकमेकींकडे बघत बसलो.

आजूबाजूला सगळे वीकेण्डचे बंगले. लॉन, झोपाळा, स्विमिंग पूलची पाटी. त्यातल्या एकाच्या मागे पत्र्याची शेड, आत जाळीचे चार पिंजरे, फिनेलचा भपकारा. (पार्व्होला साधं फिनेल पुरत नाही, ब्लीच लागतं. नाहीतर तो जमिनीत महिनोन् महिने तग धरतो. हेही डॉक्टरांचंच.) एका पिंजऱ्यात बीगलची मादी पडलेली, आचळं लोंबणारी, डाव्या कानावर हुबेहूब खारीचा डाग. आम्ही जाळीशी गेलो तरी ती भुंकली नाही. नुसतं मान वळवून पाहिलं.

मालक आला. माझ्यापेक्षा लहान असेल, एकदम नम्र. चहा मागवला. “सॉरी मॅडम, बदलून देतो ना. दुसरं घ्या, वर फूडची बॅग फ्री.” आणि त्याने एक पिल्लू माझ्या हातात ठेवलंसुद्धा. गरम, दुधाचा वास येणारं, माझ्या घड्याळाचा पट्टा चावणारं. मी ते खाली ठेवलं नाही, निदान एक मिनिट तरी. “अगं, घरात अजून व्हायरस आहे,” रूममेट कानात म्हणाली, तेव्हा कुठे ठेवलं.

पैसे परत मागितले तर तो म्हणाला, “पावती कुठेय? आमचा बिझनेस नाही हो, घरचीच पिल्लं आहेत.” चार पिंजरे, तीन जाती, घरचीच! डॉग ब्रीडिंगचे नियम २०१७ पासून आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणीचा कागद विचारला तेव्हा चहाचे कप उचलले गेले.

ग्राहक कोर्ट म्हणजे बिघडलेले फ्रिज आणि मिक्सर, असं मला वाटायचं. पण २०१९ चा कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला, आपल्या बाजूने बराच सोपा आहे. कर्जतला खेटे घालायला नकोत, आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत. १९१५ ही हेल्पलाइन आहे. पावती नसली तरी पैसे गेल्याची नोंद आणि चॅट जोडता येतं.

मी अडले ते वेगळ्याच जागी. कायद्यात ‘वस्तू’ म्हणजे कुठलीही जंगम मालमत्ता. म्हणजे खारी वस्तू, आणि माझी तक्रार ‘सदोष वस्तूबद्दल’. रात्री दीड वाजेपर्यंत ते वाक्य मी चार पद्धतींनी लिहून पाहिलं. शेवटी तसंच लिहिलं. बारा हजार, अधिक नऊ हजार चारशे, अधिक मनस्तापाचे.

त्याआधी स्पीड पोस्टाने त्याला नोटीस पाठवली होती. ती मिळाली त्या दिवशी त्याने मला अनब्लॉक केलं. बारा हजार आजच देतो म्हणाला, फक्त ‘आता कसलीही तक्रार नाही’ असं लिहून द्या. कसलीही, म्हणजे शेडबद्दल प्राणी कल्याण मंडळाला मी पाठवलेला अर्जही मागे घ्यायचा. महिनाअखेर होती, भाडं द्यायचं होतं. रूममेट म्हणाली, तू ठरव. कानावर डाग असलेली ती मादी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी नाही म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटं स्वतःलाच मूर्ख म्हणत बसले.

आयोगाची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. शेडच्या अर्जावर पोच मिळालीय, पुढचं काही नाही. म्हणून येत्या शनिवारी पुन्हा कर्जत लोकल. या वेळी टमटमवाल्याला विचारायचंय, परत येणारी ती ‘लई लोकं’ कोण, आणि त्यांच्यातल्या कुणाचा नंबर त्याच्याकडे आहे का.