शिखरजीची वाट आणि आकाशाचा हिशेब

पहाटे तीनच्या सुमारास मधुबनच्या धर्मशाळांना जाग येते. स्नान उरकून, शुद्ध वस्त्रे नेसून, हाती काठी घेऊन यात्रेकरू अनवाणी पहाड चढू लागतात. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, हा वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीचा, श्री सम्मेद शिखरजीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. गंधर्वनाला व सीतानाला मागे पडतात, रानात उजाडू लागते. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून बॅटरीचा प्रकाश जमिनीवर धरून चालणारे वृद्धही या वाटेवर दिसतात.

पहाडावरील ही दक्षता आजही टिकून आहे. पहाडापर्यंत येण्याची रीत मात्र बदलली. एकेकाळी महाराष्ट्रातील श्रावक कुटुंब आयुष्यात एखाद्या वेळी शिखरजीला जाई. त्याच फेरीत राजगृही, पावापुरी व चंपापुरी यांचीही वंदना होई. आता मुंबईहून रांचीपर्यंत विमान आणि पुढे मोटार, अशी यात्रा तीन-चार दिवसांत आटोपते. २०२२ मध्ये झारखंडातच देवघरचा विमानतळही सुरू झाला. सोय झाली, म्हणून फेऱ्याही वाढल्या.

या सोयीचा जमाखर्च मांडून पाहण्याजोगा आहे. विमानाचे एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. मुंबई ते रांची हे हवाई अंतर सुमारे १४०० किलोमीटर. एवढ्या उड्डाणास मध्यम आकाराच्या विमानाला ढोबळमानाने सहा टन इंधन लागते, असे धरले तर प्रत्येक प्रवाशाच्या नावे एका बाजूस शंभर किलोहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड पडतो. चौघांचे कुटुंब जाऊन-येऊन सुमारे नऊ क्विंटलांचे धनी होते. उंचावरील थंड हवेत विमानामागे उमटणारे हिमकणांचे पांढरे पट्टेही पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. तो भार वेगळाच. विजेवर धावणाऱ्या रेल्वेने पारसनाथ स्थानक गाठल्यास प्रत्येक माणसामागे होणारे उत्सर्जन याच्या अल्पांशाइतकेच राहते. वेळ मात्र दीड दिवसाच्या आसपास लागतो.

शिखरजीच्या पावित्र्याविषयी समाज किती जागरूक आहे, हे देशाने पाहिले आहे. पहाडाच्या परिसरात पर्यटनाला वाव देणाऱ्या तरतुदींविरुद्ध गावोगावी मोर्चे निघाले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींना स्थगिती दिली. जो समाज पहाडाच्या दगडा-झाडांसाठी रस्त्यावर उतरतो, त्याने त्या पहाडावरील हवेचाही विचार करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. अग्निकाय व वायुकाय जीवांची विराधना टाळण्याची शिकवण घरोघरी परिचित आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रत तर प्रवासालाच मर्यादा घालते. पूर्व-पश्चिमेबरोबर ऊर्ध्व दिशेचीही सीमा ठरवावी, असे त्यात सांगितले आहे. विमानयुगात या ऊर्ध्व दिशेला नवा अर्थ लाभला आहे.

आजारी माणसाने, रजेच्या अडचणीत असलेल्याने किंवा ज्यांना दीर्घ प्रवास झेपत नाही अशा वडीलधाऱ्यांनी विमानाने जाण्यात कमीपणा नाही. परंतु धडधाकट कुटुंबाला तीन वेळा उडून जाण्याऐवजी एकदाच रेल्वेने जाऊन आठ-दहा दिवस राहता येईल, बिहारमधील तीर्थेही त्याच फेरीत जोडता येतील. डब्यातल्या त्या दीड दिवसात आजी नातवंडांना वीस टोंकांची नावे शिकवू शकते. घरून नेलेली दशमी-चटणी वाटून खाता येते.

पारसनाथ स्थानकावर उतरल्यावर पहाडाचे पहिले दर्शन घडते. तिथून मधुबन मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. दूरवर दिसणाऱ्या त्या शिखराला फलाटावरूनच हात जोडणारे यात्रेकरू आजही तिथे भेटतात.