शेवटचा येईपर्यंत

शर्यतीला जाऊन पहिला आलेला न पाहणें म्हणजे लग्नाला जाऊन मुहूर्त चुकविण्यासारखें आहे. पंगत मिळते, पण अक्षता हातांतच राहतात. दोन-तीन वर्षांमागें अलास्कांतील नोम या गांवीं आम्ही सहकुटुंब पोहोंचलों, तेव्हां आमची स्थिति नेमकी अशी झाली होती. कुत्र्यांच्या घसरगाड्यांची ‘इडिटारॉड’ नांवाची जी शर्यत दर मार्चांत तेथें संपते, तिचा शेवट पाहण्यासाठीं आम्हीं अँकरेजहून विमानाचीं तिकिटें काढलीं होतीं. वादळामुळें विमान एक दिवस उडालेंच नाहीं. आणि विजेता आपलीं कुत्रीं घेऊन कमानीखालून गेला, त्या वेळीं माझा नऊ वर्षांचा नातू चिन्मय विमानतळाच्या बाकावर गाल फुगवून बसला होता.

खरें सांगावयाचें तर मला फारसें वाईट वाटलें नाहीं. माझी मुलगी अँकरेजच्या एका रुग्णालयांत काम करते. तिच्याकडे आम्ही उभयतां हिंवाळ्यांत गेलों, हाच माझ्या मतें पुरेसा पराक्रम होता. त्यावर आणखी शून्याखालीं वीस अंशांत उभें राहून कुत्रीं धांवतांना पाहण्याची हौस सत्तरीच्या माणसाला कोठून असावी? शिवाय माझा एक तात्त्विक आक्षेपहि होता. सुमारें एक हजार मैल मुक्या प्राण्यांना पळवावयाचें, हा कसला खेळ? आक्षेप माझ्या एकट्याचा नव्हे. २०२४ सालच्या शर्यतींत तीन कुत्रीं दगावलीं, आणि प्राणिमित्र मंडळी या शर्यतीविरुद्ध वर्षानुवर्षें बोलत आली आहेत. जांवईबापूंनीं मला नियम ऐकविले: वाटेंत एकदां चोवीस तास व दोनदां आठ-आठ तास विश्रांति सक्तीची, ठाण्याठाण्यावर पशुवैद्य, पायांना कापडी मोजे, थकलेलें कुत्रें मागें ठेवावयाचें, तें विमानानें परत जातें. नोम अवघें सत्याहत्तर मैल उरलें असतां व्हाइट माउंटन या ठाण्यावर आठ तास थांबावेंच लागतें, मग मागचा कितीहि जवळ आलेला असो! माझें पुरतें समाधान झालें नाहीं, अद्यापहि नाहीं. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या गाड्यांना लगाम नसतो. आमच्याकडे बैलाला कासरा असतो, चाबूक असतो. येथें हांकणाऱ्याजवळ केवळ आवाज. उजवीकडे वळावयाचें तर ‘जी’, डावीकडे तर ‘हॉ’. एवढ्यावर म्होरक्या कुत्रा सारी रांग वळवितो. ‘जी’ म्हटल्यावर ऐकणारे लोक आमच्याकडे फक्त दरबारांत असत.

नोम हें चार हजारांच्या आंतलें गांव. १८९८ सालीं जवळच्या ओढ्यांत सोनें सांपडलें म्हणून तें वसलें. अलास्काच्या इतर शहरांतून तेथें जाणारा रस्ता नाहीं. एका अंगाला बेरिंगचा समुद्र, तोहि मार्चांत गोठलेला. कोंकणांत जन्मलेल्या माणसाला समुद्र म्हणजे आधीं आवाज. येथें समुद्र होता आणि आवाज नव्हता. घड्याळाचीहि तीच तऱ्हा. दिवस-रात्र समसमान होण्याचे ते दिवस. पण सूर्य उगवे नवाच्या सुमारास, माथ्यावर येई दुपारीं तिनाला, आणि मावळे रात्रीं नवाला. सौभाग्यवतींनीं दुसऱ्याच दिवशीं घड्याळ पिशवींत टाकलें व भुकेवर वेळ ठरवावयास आरंभ केला.

शर्यत संपते ती फ्रंट स्ट्रीट नांवाच्या मुख्य रस्त्यावर. हिंवाळाभर रस्त्यावरचें बर्फ काढून टाकणारे लोक या दिवसांत तेंच बर्फ मालमोटारींत भरून पुन्हां रस्त्यावर आणून पसरतात, कारण गाड्या घसरावयास हव्यात! टोंकाला गांठाळ लाकडाची एक कमान. गाडी गांवाजवळ आली कीं भोंगा वाजतो, आणि जेवतां-जेवतां, निजतां-निजतां लोक बाहेर धांवतात. चिन्मयचा रुसवा पहिल्याच भोंग्याला विरघळला. अकरावा आला काय नि सतरावा आला काय, त्याच्या टाळ्या तेवढ्याच. मला तो आंकडेहि ऐकवी: १९७८ सालीं पहिल्या दोघांत एका सेकंदाचें अंतर होतें, १९८५ सालीं लिबी रिडल्स ही पहिली स्त्री विजयी झाली, १९७३ सालीं पहिल्याला वीस दिवस लागले व शेवटच्याला बत्तीस. आतां पहिला नऊ-दहा दिवसांत येतो, म्हणजे आजचा शेवटचाहि त्या पहिल्याच्या आधीं पोहोंचतो.

त्या कमानीला एक कंदील टांगलेला होता. त्याला म्हणतात ‘विधवेचा दिवा’. पूर्वीं टपाल व माल कुत्र्यांच्या गाड्यांनीं जाई, तेव्हां वाटेवरच्या उताराच्या घरांना पुढून निरोप येई कीं अमका निघाला आहे. मग बाहेर कंदील लागे, आणि तो पोहोंचेपर्यंत तसाच जळत राही. शर्यतीचाहि दिवा आरंभींच लागतो व शेवटची गाडी येईपर्यंत मालवत नाहीं. मालवावयाचा तो शेवटच्यानेंच. जांवईबापूंनीं नांवाचा अर्थ सांगितला तशी सौभाग्यवती उसळून म्हणाल्या, “विधवेचा कसला? विधवा होऊं नये म्हणून लावलेला दिवा तो! नांव ठेवणाऱ्याला कळत नव्हतें.”

मी कांहीं बोललों नाहीं. दिवसाउजेडीं जळणारा तो कंदील मला पाहवेना.

या गांवाचें नांव जगाला ठाऊक झालें तें १९२५ सालच्या घटसर्पाच्या सांथीमुळें. बंदर गोठलेलें, विमानाचा भरंवसा नाहीं, गांवांत प्रतिविष संपलेलें. तीन लक्ष एककांच्या मात्रा अँकरेजच्या रेल्वे रुग्णालयांत सांपडल्या. आगगाडीनें त्या नेनानापर्यंत आल्या, आणि तेथून वीस गाडीवानांनीं हातोहात सुमारें पावणेसातशें मैल तें गांठोडें साडेपांच दिवसांत नोमला आणलें. शेवटच्या टप्प्याचा म्होरक्या बाल्टो. त्याचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्कांत उभा राहिला. सर्वांत लांबचा व धोक्याचा टप्पा मात्र लिओनार्ड सेपाला व त्याचा बारा वर्षांचा टोगो यांनीं काढला होता. आजची शर्यत त्या दौडीचें स्मारक असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः जो रेडिंग्टन यानें ती काढली ती मोटारच्या हिमगाड्यांपुढें नाहींशीं होत चाललेलीं कुत्रीं व जुनी वाट टिकावी म्हणून. पण नोमच्या रस्त्यावर उभें राहिलें कीं मनाला हा भेद राहत नाहीं.

१९६१ सालच्या श्रावणांत आमच्या घरीं घटसर्प आला. सुमी चार वर्षांची, मी सात. वैद्यबुवांनीं तिच्या घशांतला करडा पापुद्रा पाहिला व सुईचें औषध हवें म्हणून सांगितलें. अण्णा भर पावसांत तरींतून खाडी ओलांडून तालुक्याला गेले. तेथें तें नव्हतें, म्हणून तसेच पुढें गेले. आईनें पडवीच्या खुंटीला कंदील लावला. पहांटे सुमी गेली. आतां कंदील कशाला, असें कोणीसें म्हणालें. “ते अजून यावयाचे आहेत,” एवढेंच आई म्हणाली. दिवसभर तो जळत होता. दिवेलागणीला अण्णा आले. उपरण्यांत गुंडाळलेली कुपी त्यांच्या हातांत होती. त्यांनीं कोणाला कांहीं विचारलें नाहीं. खुंटीवरचा कंदील उतरविला, कांच वर केली आणि फुंकर मारली.

हें मीं मुलीला कधीं सांगितलें नव्हतें. तिसऱ्या रात्रीं शेवटच्या गाडीची वाट पाहत असतां सांगून टाकलें. ती बराच वेळ गप्प राहिली; मग म्हणाली, “बाबा, आजार पुढें गेल्यावर त्या औषधाचा फारसा उपयोग होत नाहीं. आजोबा आदल्या दिवशीं आले असते तरी...” वाक्य तिनें पुरें केलें नाहीं. साठ वर्षांनीं मिळालेली ही माहिती सांत्वनाची कीं कशाची, हें मला ठरवितां आलें नाहीं.

भोंगा झाला तेव्हां रात्रीचा एक वाजून गेला होता. विजेत्यासाठीं जमलेली गर्दी केव्हांच पांगली होती. आम्ही पन्नास-साठ माणसें असूं. दूर बर्फावर एक दिव्याचा ठिपका हलतांना दिसला, मग सात कुत्रीं दिसलीं, मग मागें बर्फानें माखलेला माणूस. कमानीखालीं येऊन तो थांबला. कोणाशींहि बोलण्याआधीं रांगेंतल्या एकेका कुत्र्यापाशीं जाऊन त्यानें त्याचें तोंड दोन्ही हातांत धरलें. मग कंदील खालीं आणण्यांत आला, आणि त्यानें तो विझविला. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. सौभाग्यवतींनीं सवयीनें हात जोडले. दिवा असा विझवूं नये, असें त्या पुटपुटल्याहि.

“आजोबा,” चिन्मयनें माझी बाही ओढली, “दिवा गेल्यावर टाळ्या कां वाजवायच्या?”

मला पटकन उत्तर सुचलें नाहीं. मीहि टाळ्या वाजवीत होतों. जाड हातमोज्यांमुळें आवाज होत नव्हता एवढेंच.